इंजिन बदललं आणि गाडी आता वेगळाच त्रास देतेय? इंजिन परत उतरवायच्या आधी हे बघा

इंजिन बदलून गाडी घरी आली आणि दोन-चार दिवसांत काहीतरी नवीनच सुरू झालं, सेल्फ जड फिरतोय, स्लोला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) गाडी थरथरतेय, टेंपरेचरचा काटा वर जातोय, चेक इंजिनचा दिवा पेटलाय, अशी तक्रार घेऊन येणारे लोक इंदूरला मला सारखे भेटतात आणि जवळजवळ सगळ्यांच्या मनात एकच भीती असते की इंजिनच खराब निघालं, पैसे पाण्यात गेले. गॅरेजवाला सांगतो, "भिया, इंजन बदला है, सेट होने में टाइम लगेगा." घरचे म्हणतात परत उतरवायला लावा. मी ऑटो इलेक्ट्रिक आणि स्कॅनिंगचं काम करतो, त्यामुळे माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इंजिन बदलल्यावर जो त्रास नव्याने सुरू होतो तो बहुतेक वेळा इंजिनच्या पोटात नसतो, इंजिन उतरवताना-चढवताना ज्या ज्या गोष्टीला हात लागला त्यातल्याच एखाद्या गोष्टीत असतो. म्हणून शोधायचं ते बाहेरून आत, स्वस्तापासून महागापर्यंत, आणि मोजून. अंदाजाने पार्ट बदलत बसलात तर बिल वाढत जातं आणि दोष तिथेच राहतो.

हात कुठेकुठे लागतो ते जरा डोळ्यासमोर आणा. बॅटरी काढली, वायरिंगचे सगळे कपलर (वायरींचे प्लगसारखे जोड) काढले, इंजिन आणि बॉडीमधल्या अर्थच्या पट्ट्या सोडल्या, पेट्रोलचे पाइप, कूलंटचे होज, ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप, एसीचा कॉम्प्रेसर बाजूला बांधून ठेवला, सायलेन्सर सोडला, ड्राइव्ह शाफ्ट ओढले, गिअरबॉक्स वेगळा केला, फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांचे, बोल्ट काढले. हे सगळं परत जागच्या जागी बसवायचं, तेही बहुधा दुसऱ्या तीन गाड्यांचं काम मध्ये मध्ये करत. यातली एक गोष्ट सैल राहिली, एक उलटी लागली की झालं.

पण त्याही आधी एक प्रश्न गॅरेजवाल्याला नीट विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या: आलेलं इंजिन नेमकं कोणतं, आणि त्यावर जुन्या इंजिनचं काय काय चढवलं? बाजारात हाफ इंजिन मिळतं, म्हणजे ब्लॉक, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), पिस्टन एवढंच, हेड (ब्लॉकवरचा व्हॉल्व्हचा भाग) आणि बाकी सामान तुमच्या जुन्या इंजिनचं. फुल इंजिन मिळतं, त्यात हेड, मॅनिफोल्ड (हवा आत आणि धूर बाहेर नेणारे फाटे), सेन्सर, इंजेक्टर (इंधन फवारणारे) सगळं येतं, पण ते दुसऱ्या गाडीचं असतं, दुसऱ्या वर्षाचं असतं. इथे खरी गोची होते. नाव एकच असलं तरी इंजिन एक नसतं. मारुतीचं के-१२ म्हणून आपण सगळे एकच शब्द वापरतो पण जुनं के-१२एम आणि नंतरचं ड्युअलजेट के-१२एन यांच्यात प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर की दोन एवढा मूलभूत फरक आहे. डिझेलमध्ये तर फियाटचं १२४८ सीसीचं इंजिन घ्या, जे स्विफ्ट, डिझायर, टाटाची व्हिस्टा-मांझा, फियाटची पुंटो-लिनिया अशा कितीतरी गाड्यांत आलं. त्याचं ७५ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप) मॉडेल आहे साध्या टर्बोचं, आणि ९० पीएसचं आहे ज्यात टर्बोची पाती हलतात. ब्लॉक बघून दोन्ही सारखीच वाटतात. ७५ वाल्या गाडीत ९० चं इंजिन त्याच्या टर्बोसकट घातलं तर गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, ती पाती हलवायची असतात हेच माहीत नसतं. मग पिकअप नाही, काळा धूर, आणि सगळे म्हणतात टर्बो गेला.

कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून डिझेल देणाऱ्या) डिझेलवाल्यांनी अजून एक गोष्ट पक्की विचारा. बऱ्याच इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं-आकडे कोरलेले असतात, तो त्या इंजेक्टरचा स्वतःचा कोड असतो, तो किती डिझेल नेमकं कसं सोडतो याचा हिशोब, आणि तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. इंजिनबरोबर दुसरे इंजेक्टर आले आणि कोड जुनेच राहिले तर गाडी खडखडते, स्लोला डगमगते, धूर टाकते, आणि तुम्ही इंजिनला दोष देत बसता. योग्य स्कॅनर असेल तर हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

आता त्रास कोणता आहे त्याप्रमाणे जाऊ. सगळ्यात आधी सेल्फचं, कारण इथे लोक सगळ्यात जास्त पैसे फुकट घालवतात.

सुदामा नगरला राहणारे एक काका आहेत, जुनी पेट्रोल हॅचबॅक, इंजिन बदललं तेव्हापासून सकाळी सेल्फ दमल्यासारखा फिरायचा, घर्र... घर्र... आणि कधी कधी नुसता टक आवाज. गॅरेजने आधी बॅटरी नवीन घ्यायला लावली. मग सेल्फ मोटर उतरवून ब्रश बदलले. फरक काहीच नाही. मग सांगितलं की इंजिन टाइट आहे, चालवा, मोकळं होईल. मी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून आधी बॅटरीच्या दोन टोकांवर लावला, बंद गाडीत १२.६, सेल्फ मारताना ११.३. म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घ्यायचा. मग मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनस टोकावर ठेवली आणि लाल वायर सरळ इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर टेकवली आणि काकांना सांगितलं, मारा सेल्फ. मीटरवर १.९ व्होल्ट आले. हा आकडा शून्याच्या जवळ हवा, ०.२ पर्यंत चालतो, ०.५ च्या वर गेला की अर्थ खराब. इथे तर करंट इंजिनमधून बॅटरीकडे परत यायच्या रस्त्यातच जवळजवळ दोन व्होल्ट खाल्ले जात होते, मग सेल्फला मिळणार काय?

कारण बघितलं तर साधं होतं. सेकंडहँड इंजिन विकणारे बहुतेक जण इंजिन धुऊन त्यावर चकाचक सिल्व्हर पेंट मारतात. अर्थच्या पट्टीचा बोल्ट त्या पेंटवरच कसलेला होता. बोल्ट घट्ट, पट्टी नवी, पण मधे पेंटचा थर. पट्टी काढली, पॉलिश पेपरने गोल जागा घासून धातू उघडा केला, पट्टीचं टोकही घासलं, परत कसलं, रीडिंग ०.१५. सेल्फ एका झटक्यात फिरला. ही टेस्ट कुठल्याही इलेक्ट्रिशियनला दोन मिनिटांत करता येते, बॅटरी विकत घ्यायच्या आधी तेवढी करूनच घ्या. आणि अर्थची पट्टी अजिबातच लावायची राहिली असेल तर ते धोक्याचं आहे, कारण करंट मग जो रस्ता मिळेल तो घेतो, गिअरच्या केबलमधून, अॅक्सिलरेटरच्या केबलमधून, आणि त्या केबल तापतात. सेल्फ मारल्यावर एखादी केबल गरम लागली तर गाडी तिथेच थांबवा.

चार्जिंगही लगेच बघून घ्या. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १२ च्या आसपासच राहिले तर अल्टरनेटरचा कपलर किंवा जाड वायर राहिलीय असं धरून चाला, नवीन अल्टरनेटर नंतर. काही नव्या गाड्यांत ईसीयू चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे हेडलाइट लावून मोजा.

सेल्फ मस्त फिरतो पण गाडी पकडत नाही, ही वेगळी गोष्ट. इथे स्कॅनर लागतोच. २०१३ नंतरच्या भारतातल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं ओबीडी सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथचा छोटा डोंगल लावून मोबाइलवर बरंच काही दिसतं. सेल्फ मारताना स्क्रीनवर आरपीएम बघा. २०० च्या आसपास काहीतरी दिसायला हवं. शून्य दिसत असेल तर क्रँक सेन्सरची खबर ईसीयूपर्यंत पोचतच नाहीये, आणि ती नाही पोचली तर ईसीयू स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही, त्याच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये. ईसीयूने नोंदवलेला दोषाचा कोड स्कॅनरवर बहुधा पी०३३५ येतो. सेन्सर बदलायच्या आधी कपलर बसलाय का, वायर गिअरबॉक्स आणि इंजिनच्या मधे चेपली गेली नाही ना, ते बघा. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) सेन्सरचा पी०३४० असतो. आणि पी००१६ आला तर जरा गंभीर व्हा, त्याचा अर्थ क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाहीये. टायमिंग एखादा दात चुकलंय, किंवा आलेल्या इंजिनची सेन्सरची चक्री वेगळ्या दातांची आहे. ही दुसरी शक्यता लोक विसरतातच, ३६ दातांच्या चक्रीची सवय असलेल्या ईसीयूला ६० दातांची चक्री दाखवली तर त्याला काही उमगणार नाही.

इमोबिलायझरचंही इथेच बघून घ्या. चावीतल्या चिपची ओळख ईसीयूत किंवा इमोबिलायझरच्या बॉक्समध्ये साठवलेली असते. तुमचा जुना ईसीयू गाडीतच राहिला असेल तर इंजिन बदलून चावीला काही फरक पडत नाही. पण कोणी इंजिनबरोबर त्याचा ईसीयूही लावला असेल तर गाडी एक क्षण पकडून बंद पडेल किंवा पकडणारच नाही, आणि मीटरमध्ये चावीचा किंवा लॉकचा दिवा लुकलुकेल. पेट्रोल पंप बदलायची गरज नाही, ईसीयूची आणि चावीची ओळख जमवायची गरज आहे.

डिझेलमध्ये पकडत नसेल तर लाइनमध्ये हवा राहिलीय का ते आधी. हातपंप असेल तर कडक होईपर्यंत दाबा. एक हात जोडून विनंती, जुन्या डिझेलसारखं चालू इंजिनमध्ये इंजेक्टरचा नट सैल करून हवा काढू नका, काढू देऊ नका. कॉमन रेलमध्ये प्रेशर हजार बारच्या वर जातं, ती बारीक धार कातडीतून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येते.

आता गाडी चालू होते पण स्लोला नीट राहत नाही, आरपीएम वर-खाली होतो, सिग्नलला बंद पडते. माझ्या मते इंजिन बदललेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त गैरसमज झालेली तक्रार हीच. बॅटरी काढल्यामुळे ईसीयू स्लोचं शिकलेलं विसरतो हे खरं आहे, त्यामुळे थोडं चालवल्यावर सुधारणा होऊ शकते, काही गाड्यांत थ्रॉटलचं (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचं) लर्निंग स्कॅनरने करावं लागतं. "सेट होईल" मध्ये जेवढं तथ्य आहे ते एवढंच. थोडं चालवूनही तसंच राहिलं तर कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय.

इंजिनात जाणारी सगळी हवा थ्रॉटलमधून जायला हवी. मॅनिफोल्डचं पॅकिंग जुनंच वापरलं, ब्रेक बूस्टरचा पाइप नीट बसला नाही, टॅपेट कव्हरवरून येणारा ब्रीदरचा (इंजिनच्या आतली वाफ-धूर नेणारा) पाइप चिरला, की तिथून जादा हवा ओढली जाते. हे स्कॅनरवर फ्युएल ट्रिमच्या आकड्यात दिसतं. आमटीत पाणी जास्त पडलं की आपण तिखट-मीठ वाढवतो तसं ईसीयू जादा हवेला जादा पेट्रोल सोडतो, आणि किती टक्के वाढवलं ते ट्रिममध्ये दिसतं. शॉर्ट टर्म (तात्पुरती) आणि लाँग टर्म (शिकलेली) ट्रिम मिळून अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर छान, १० पर्यंत ठीक, अधिक १५-२० असेल तर शोधा. शोधायचं कसं? आधी स्लोला आकडा बघा, मग रेस देऊन २५०० आरपीएमवर धरा. स्लोला खूप जास्त आणि रेसवर कमी झाला तर हवेची गळती, कारण रेसवर एवढी हवा येते की ती गळती त्यात नगण्य होते. उलट झालं, म्हणजे रेसवर आणि लोडवर आकडा वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर, पंप किंवा पेट्रोलच्या पाइपला पीळ पडलाय का ते बघा.

मॅप सेन्सरवाली (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असलेली) गाडी असेल तर आणखी एक आकडा फार बोलका आहे. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी मॅप बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. समुद्राच्या पातळीला तो १०१ किलोपास्कल असतो, आपलं इंदूर साधारण ५५० मीटर उंचावर आहे म्हणून इथे ९५ च्या आसपास दिसतो, तो चुकीचा नाही. इंजिन चालू करून स्लोला तो ३० ते ४० वर यायला हवा, एसी आणि इतर लोड बंद ठेवून. ५०-६० वर अडकला तर हवा जातेय किंवा कॅमचं टायमिंग मागे पडलंय. दोन्हीत फरक असा की टायमिंगवाली गाडी चढावर आणि खालच्या आरपीएमला मेलेली वाटते, हवेची गळती असलेली रेसवर ठीक पळते.

गळतीची जागा शोधायला बरेच लोक कार्ब क्लीनर (पेट घेणारा सफाईचा स्प्रे) गरम इंजिनवर मारतात. आग लागते हो याने. धुराची मशीन असलेल्याकडे जा, नाहीतर साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीतून जोडांवर मारा आणि आवाज बदलतो का ऐका. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं पॅकिंगही बघा, ते ऑक्सिजन सेन्सरच्या आधी लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी आहे, आणि पी०१७१ (पेट्रोल कमी असल्याचा कोड) येतो जेव्हा प्रत्यक्षात इंजिनात सगळं ठीक असतं.

मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर कोड पी०३०१ ते पी०३०४ मधला शेवटचा आकडा सिलिंडरचा. दोन नंबरचा कोड आलाय? त्या सिलिंडरच्या कॉइलची (प्लगला स्पार्कची वीज देणारी) अदलाबदल चार नंबरशी करा. कोड पी०३०४ झाला तर कॉइल गेली, पी०३०२ च राहिला तर कॉइल सोडा, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघा. आणि दोन आणि तीन दोन्ही एकदम मिसिंग करत असतील तर आधी एवढंच बघा की त्यांचे कपलर एकमेकांत बदलले नाहीत ना. चार सिलिंडरच्या इंजिनात हे दोघे बरोबर एका फेरीच्या अंतरावर असतात, कपलर बदलले की स्पार्क कॉम्प्रेशनला न पडता दुसऱ्याच वेळी पडतो आणि दोन्ही सिलिंडर मोकळे फिरतात. अर्धं इंजिन मेल्यासारखं वाटतं, आणि दुरुस्तीचा खर्च शून्य.

गरम होण्याबद्दल मात्र मी कुणालाच चार दिवस वाट बघा म्हणत नाही. माळव्यातला मे महिना, एसी चालू, पलासियाच्या गर्दीत गाडी उभी, आणि काटा वर. बाकी सगळे दोष खिसा हलका करतात, हा एक दोष नुकत्याच घातलेल्या इंजिनचं हेड वाकवतो. काटा वर गेला की एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

इंजिन बदलल्यावर गरम होण्याचं पहिलं कारण एअर लॉक. कूलंट भरलं तेव्हा हेडच्या किंवा हीटरच्या वरच्या भागात हवा अडकली, पाणी फिरत नाही. यात फसवं असं की टेंपरेचर सेन्सर जर त्या हवेच्या फुग्यात आला तर काटा खालीच राहतो, कारण हवा त्याला उष्णता नीट देत नाही, आणि इकडे हेड तापतंय. म्हणून काट्यावर एकट्यावर विसंबू नका. हीटर फुल गरमवर लावून बघा, इंजिन तापलेलं असूनही हीटरमधून गार हवा येत असेल तर आत हवा आहे. काढायची पद्धत अशी: इंजिन पूर्ण थंड, गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर फुल गरम, रेडिएटरचं झाकण उघडून वरपर्यंत भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर सोडा, मग स्लोला चालू ठेवा, पातळी खाली जाईल तसं भरत राहा, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडल्यावर वरचा होज हाताला गरम लागेल, फॅन दोन वेळा सुरू होऊन बंद झाला की झाकण लावा. पाण्याचं प्रमाण कूलंटच्या बाटलीवर असतं ते, बहुधा निम्मं-निम्मं, आणि बोअरचं खारं पाणी नको, डिस्टिल्ड घ्या.

एवढं करूनही बुडबुडे थांबत नसतील, थंड इंजिन चालू केल्याबरोबर झाकणापाशी सतत बुडबुडे येत असतील, तर हेड पॅकिंगमधून जळका गॅस पाण्यात येतोय. त्याची एक केमिकल टेस्ट असते, निळं पाणी पिवळं झालं तर पक्कं. फॅनकडेही बघा, वायर जोडताना उलट-सुलट झाली तर फॅन उलटा फिरतो आणि हवा रेडिएटरमधून आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलतो. जाळीला कागद धरा, चिकटला पाहिजे.

स्कॅनरवर सकाळी थंड गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं टेंपरेचर बघून ठेवा. दोन्ही बाहेरच्या हवेइतके, जवळजवळ सारखे हवेत. एखादा उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरचा कपलर निघालाय किंवा वायर तुटलीय, आणि काही गाड्यांत त्या उणे ४० वर विश्वास ठेवून ईसीयू भरमसाट पेट्रोल ओततो. अॅव्हरेज अचानक पडलं, पेट्रोलचा वास येतोय, याचं हे एक नेहमीचं कारण. सगळं ठीक वाटलं की शेवटची परीक्षा भेरूघाटाची, खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे, एसी लावून, सोबत कुणीतरी काटा आणि स्कॅनर बघायला. शहरात लपलेला कूलिंगचा दोष तिथे उघडा पडतो.

थरथर आणि आवाजाचं थोडक्यात. थरथर फक्त स्लोला असेल आणि पळताना जात असेल तर फाउंडेशन. सगळे बोल्ट सैल ठेवून, इंजिन चालू करून त्याला स्वतःच्या जागी बसू द्यायचं आणि मग कसायचं, तसं न करता एकेक बोल्ट आधीच घट्ट केला तर रबर पिळलेलंच राहतं. सायलेन्सरचा पाइप बॉडीला टेकलाय का तेही. थरथर आरपीएमबरोबर न वाढता स्पीडबरोबर वाढत असेल तर इंजिन सोडा, ड्राइव्ह शाफ्ट आणि चाकं बघा. गिअर पडायला जड, क्लच दाबल्यावर खरखर, हे नव्याने सुरू झालं असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या डॉवेल पिन जुन्या ब्लॉकमध्येच राहून गेल्या का ते विचारा, त्यांच्याशिवाय दोघांचा मध्य एका रेषेत येत नाही. आणि ड्राइव्ह शाफ्ट ओढले की गिअरबॉक्सचं ऑइल सांडतं. ते परत भरलं का? हा प्रश्न विचाराच. गिअरबॉक्सला ऑइल कमी झाल्याचा दिवा नसतो.

आता इंजिनवरच संशय कधी घ्यायचा. ऑइलचा दिवा चालू केल्यावर काही सेकंदांत विझला नाही तर लगेच. खोल ठकठक आवाज आरपीएमबरोबर वाढतोय तर लगेच. निळा धूर पहिल्या दिवशी, बरंच पडून राहिलेल्या इंजिनात थोडा येऊ शकतो, पण रोज येत असेल, ऑइल कमी होत असेल, ब्रीदरमधून भकभक धूर येत असेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, स्पार्क आणि इंजेक्टर बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. पेट्रोलला साधारण १५० ते २०० पीएसआय, डिझेलला ३५० ते ४५० येतं, आणि नुसत्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसणं जास्त महत्त्वाचं. पेट्रोलमध्ये एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. खरं तर ही टेस्ट इंजिन गाडीत चढायच्या आधी दुकानातच करायला लावायची, टायमिंग बेल्ट, मागचं ऑइल सील आणि क्लच प्लेटही तेव्हाच बदलायची, कारण नंतर त्याच सीलसाठी गिअरबॉक्सची मजुरी परत द्यावी लागते.

चढल्यावर खराब निघालं तर भांडायला तुमच्याकडे काय असणार? चारही सिलिंडरचे आकडे तारखेसकट, आणि बिल, ज्यावर आलेल्या इंजिनचा नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहिलेली आहे. बिल देत नसेल त्याच्याकडून इंजिन घेऊच नका, चोरीच्या गाडीचं असेल तर नुसते पैसे जात नाहीत, पोलिसांपुढे उभं राहावं लागतं. तोच नंबर आरसीतही बदलून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं, लोन चालू असेल तर बँकेची लेखी संमतीही लागते. आपल्याकडे त्यासाठी नायता मुंडल्याच्या आरटीओत जावं लागेल, आणि इन्शुरन्स कंपनीलाही नवा नंबर लेखी कळवा, कारण अपघात झाला तर सर्व्हेअर इंजिनवरचा नंबर पॉलिसीशी जुळतो का ते बघतो.